कुरण, कळप आणि आपले पूर्वज

चर्नी रोड स्टेशनावरून आपले कितीतरी ज्ञातिबांधव नित्य जातयेत असतील. परंतु त्या नावाचा अर्थ काय, हे क्षणभर थांबून विचारण्याची सवड गिरणीच्या भोंग्यामागे धावणाऱ्या आपल्या वडिलांच्या पिढीस लाभली नाही आणि कचेरीच्या घड्याळास बांधलेल्या आजच्या पिढीसही लाभत नाही. या नावाविषयी एक हकीकत प्रसिद्ध आहे. १८३८ साली सरकारने मुंबई बेटातील माळांवर गुरे चारण्याबद्दल कर बसविला. गरीब गुरेवाल्यांस तो झेपेना. तेव्हा सर जमशेटजी जिजीभाई यांनी पदरचे वीस हजार रुपये खर्चून ठाकुरद्वारानजीक समुद्रकाठची गवताळ जमीन विकत घेतली व ती गुरांस विनामूल्य मोकळी करून दिली. गुरांच्या चरण्याची ती जागा म्हणून 'चर्नी' हे नाव पडले, असे सांगतात. ठाण्याच्या चेंदणी भागातून येथे वस्तीस आलेल्या लोकांमुळे हे नाव आले, असेही एक मत आहे. व्युत्पत्ती कोणतीही खरी असो; गिरगावच्या आसपास एके काळी गुरे चरत होती यात संशय नाही. जेथे १९४२ साली 'छोडो भारत'ची घोषणा झाली, ते गवालिया टँक मैदानही मुळात गवळ्यांच्या गुरांच्या तळ्याचेच स्थान होय.

या हकीकतीतील दातृत्वाची प्रशंसा आजवर पुष्कळ झाली व ती योग्यच आहे. मात्र तिच्यात दडलेली दुसरी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कर बसविणाऱ्या सरकारने चराईकडे केवळ उपभोग म्हणून पाहिले. जनावर जमिनीपासून काही घेते, सबब त्याच्या धन्याने मोल द्यावे, असा तो हिशेब होता. चरणारे जनावर जमिनीसाठी काही करतेही, हा विचार त्या हिशेबात कोठेच नव्हता. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे आपल्या समाजाच्या वाट्यास जे कायदे, जे दंड व जो बोल आला, त्या सर्वांचे मूळ या अपुऱ्या हिशेबात आहे. आपल्या पूर्वजांचे कळप डोंगराळ कुरणांवर नुसते पोसले जात नसत. त्या कुरणांवर माजणारे झाडोरे आवरून गवत टिकविण्याचे कामही तेच करीत असत. या कामाचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या भूमीचा विचार करू. सह्याद्रीच्या पूर्वेस पावसाचे मान झपाट्याने उतरते. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या मुलखांत डोंगर आहेत, परंतु दाट अरण्य नाही; तेथे आहे ते मुख्यतः गवत. पवन्या, मारवेल, कुसळी ही त्या गवतांची नावे आपल्या वृद्धांच्या तोंडी आजही ऐकू येतात. मेंढी हे कोरड्या हवेचे जनावर. अति पाऊस तिला सोसत नाही. सतत ओलीत उभी राहिली तर तिचे खूर कुजतात. म्हणून मेंढपाळ धनगर या पर्जन्यछायेच्या मुलखात राहिले. सह्याद्रीच्या माथ्यावर, जेथे पाऊस धो धो कोसळतो, तेथे मेंढीऐवजी म्हैस पाळणारे आपले गवळी-धनगर बंधू सड्यांच्या कडेने वस्ती करून राहिले. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा या दोन अभ्यासकांनी १९८२ साली गवळी-धनगरांवर प्रसिद्ध केलेल्या निबंधात या ज्ञातीच्या परिस्थितिविज्ञानाचाच विचार केला आहे. कोणत्या उंचीवर, कोणत्या पावसात, कोणते जनावर ठेवावे ही निवड आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या पारखून केलेली होती. ज्यांस लोक अडाणी म्हणत, त्यांचे हे शास्त्र होते.

आता कळपाच्या कामाचे स्वरूप पाहू. मेंढी, शेळी, गाय व म्हैस ही चारही जनावरे चरतात. परंतु एकीचे चरणे दुसरीसारखे नसते. मेंढी जमिनीलगतचे बारीक गवत ओठांनी वेचून खाते. गाय व म्हैस उंच गवताला जिभेचा वेढा घालून ते ओढून तोडतात. त्यातही म्हैस जाडेभरडे गवत अधिक पचविते. शेळीची गोष्ट निराळी. तिला गवतापेक्षा पाला, शेंगा व कोवळे शेंडे प्रिय. मागच्या पायांवर उभी राहून ती बोर, बाभूळ, हिवर, करवंद यांच्या काट्यांतूनही पाला काढून घेते. मेंढरांच्या कळपात थोड्या शेळ्या बाळगण्याची आपली रीत दुधापुरती तर होतीच. परंतु तिचा परिणाम असा होई की, एकाच फेरीत गवतही चरले जाई व झुडपांचे शेंडेही खुडले जात.

झुडूप एकदा तोडल्याने मरत नाही, हे कोयता चालविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. मुळांत साठविलेल्या अन्नाच्या बळावर ते पुन्हा फुटते, किंबहुना पूर्वीपेक्षा दाट फुटते. परंतु ती कोवळी फूट जर वेळच्या वेळी पुनःपुन्हा खाल्ली गेली, तर मुळांतील साठा संपत जातो व झुडूप खुरटून राहते. कोयता वर्षातून एकदा फिरतो; शेळीचे तोंड मात्र त्याच वाटेने हंगामात अनेकदा फिरते. झुडपाची सावली हटली म्हणजे तिच्याखाली दबलेल्या गवतास ऊन मिळते. जनावरांच्या खुरांनी जमिनीवरची कठीण पापडी फुटते, गवताचे बी मातीत दाबले जाते आणि लेंडीखत जागच्या जागी पडते. शिवाय उभे वाळलेले गवत कमी राहिल्याने उन्हाळ्यात वणवा लागला तरी त्यास पेट घ्यावयास सरण मिळत नाही.

या सर्व कामाचा प्राण एका गोष्टीत होता. ती म्हणजे कळपाने एका जागी न थांबणे. पावसाळ्यात आपल्या माळावर, दिवाळीनंतर सुगी झालेल्या शेतांकडे व घाटाखाली, आणि मृगाच्या सुमारास पुन्हा घराकडे, असा आपला फेरा असे. तट्टांवर बिऱ्हाड, भोवती कुत्री, रात्री वाघूर लावून केलेला वाडा, आणि शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसविल्याबद्दल मिळणारे धान्य, हे चित्र या अंकाच्या अनेक वाचकांनी बाळपणी डोळ्यांनी पाहिले असेल. कळप निघून गेला की कुरणास विसावा मिळे. गवत पुन्हा वाढे, फुले, बी धरी. चारणे आणि सोडून जाणे ही एकाच कामाची दोन अंगे होती. बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा या आपल्या दैवतांच्या यात्राही या फेऱ्यांशी कशा गुंफलेल्या आहेत, हे गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने आयुष्य वेचून जगापुढे मांडले. १९७६ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ आपल्या देवांवरचाच होय.

येथे कोणी शंका घेईल की, ही गवताळ माळराने म्हणजे मूळच्या अरण्याचा नाशच नव्हे काय? या प्रश्नावर शास्त्रज्ञांत मतभेद आहे. दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातील तृणाच्छादनावर जो ग्रंथ लिहिला, त्यात आपल्याकडील गवताळ प्रदेश चराई व आग यांच्यामुळे त्या अवस्थेत टिकून राहिले आहेत, असे प्रतिपादन आहे. उलट, अलीकडे काही संशोधकांनी जुने मराठी वाङ्मय व लोकगीते धुंडाळून, त्यांत आलेल्या वनस्पतींवरून पश्चिम महाराष्ट्रातील ही माळराने निदान साडेसातशे वर्षे तरी अशीच आहेत, असे दाखविले आहे. दोन्ही पक्षांत एक गोष्ट समान निघते. ही कुरणे कालपरवा उजाड झालेली रानें नव्हेत, आणि इतकी शतके त्यांच्यावर जनावरे चरत आली असूनही ती गवताने भरलेलीच राहिली.

मग हा क्रम मोडला कसा? १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला व गावोगावचा कोंडवाडा सरकारी धाकाचे स्थान बनला. १८७८ च्या जंगल कायद्याने जंगलांची राखीव व संरक्षित अशी वर्गवारी झाली. राखीव जंगलात परवानगीवाचून जनावर घालणे गुन्हा ठरला. जे डोंगर गावाचे चराऊ रान होते, त्यांतील कित्येक एका रेघेनिशी सरकारी झाले. जंगलखात्याच्या दृष्टीने रानाचे मोल इमारती लाकडात होते. म्हणून रोपटे खाणारी शेळी ही त्याची पहिली वैरीण ठरली. सागाच्या लागवडीपुरते पाहिले तर त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शेळी रोपटे खातेच. परंतु सागाच्या लागवडीस लावावयाचा नियम त्यांनी गवताच्या डोंगरासही लावला, ही चूक झाली.

या अन्यायाविरुद्ध प्रथम ज्यांनी स्पष्ट आवाज उठविला, त्यांत महात्मा जोतीराव फुले यांचे नाव अग्रभागी आहे. १८८३ साली लिहून पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी, डोंगर व गायराने जंगलखात्याच्या घशात गेल्याने गरीब शेतकऱ्याच्या जनावरांस चरावयास जागा उरली नाही, असे गाऱ्हाणे मांडले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, मुंबई सरकारास १८८५ साली वनचौकशी मंडळ नेमणे भाग पडले. चौकशी झाली, अहवाल निघाला. परंतु चराई ही राज्यकर्त्याने द्यावयाची सवलत आहे, हा मूळ सिद्धान्त तसाच राहिला.

याचा परिणाम दुहेरी झाला, आणि तो नीट समजून घेणे अगत्याचे आहे. जेथून कळप हटविले, तेथे गवत न खाता उभे वाळू लागले, झुडपे दाटू लागली व वणव्यास सरण मिळू लागले. आणि जी थोडी जागा मोकळी राहिली, तेथे सर्व गावांची जनावरे दाटली. तेथील चांगले गवत मुळासकट गेले आणि जनावर ज्यास तोंड लावीत नाही ते तरवड, ती घाणेरी, ती रानमोडी यांचे राज्य झाले. एका डोंगरावर चराई मुळीच नाही, शेजारच्या डोंगरावर चराई अपरंपार. दोन्हीकडे कुरण बिघडले आणि दोहोंचा दोष धनगराच्या माथी आला. पुढे गायरानांची वाटणी, कालव्याखालील बागायत, धरणे व सरकारी वृक्षारोपण यांनी कळपांच्या वाटा अधिकच तुटल्या. कोयनेच्या खोऱ्यातील आपल्या गवळी-धनगरांवर प्रथम धरण आले, मग १९८५ साली अभयारण्य आले आणि २०१० साली व्याघ्रप्रकल्प आला. ज्यांची म्हसरे गेली ते घाट उतरून मुंबईस आले. लालबाग-परळच्या गिरण्यांत साच्यावर उभे राहणाऱ्या कित्येकांच्या मागे असा एक सुटलेला डोंगर होता. १९८२ च्या संपानंतर त्यांतले काही गावी परतले; परंतु वडिलांचा कळप पुन्हा उभा करणे सर्वांस साधले नाही. कळपाबरोबर वाटाही गेल्या होत्या.

आता ज्या संस्थेचा उल्लेख करावयाचा, ती आपल्या दक्षिण मुंबईतलीच आहे. फोर्टमधील बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी ही, योगायोगाने फुल्यांनी 'असूड' पुरा केला त्याच १८८३ साली स्थापन झाली. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव पक्षितीर्थ १९८१ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले आणि १९८२ साली तेथे म्हशी चारण्यास बंदी झाली. पक्ष्यांच्या हितासाठी ही बंदी असावी, असे म्हणणाऱ्यांत या संस्थेचे थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली हे स्वतः होते. बंदीविरुद्ध गावकरी उठले, गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर याच संस्थेने तेथे अनेक वर्षे अभ्यास केला. म्हशी नाहीशा झाल्यामुळे पाणथळीत गवत बेसुमार माजले, उथळ पाणी झाकले गेले व पाणपक्ष्यांचीच अडचण झाली, असा त्याचा निष्कर्ष निघाला. ती भूमी डोंगराळ नव्हे. तथापि तत्त्व तेच. आपल्या संस्थेच्या धुरीणाच्या मताविरुद्ध गेलेला निष्कर्ष त्या संस्थेने लपविला नाही, हे तिला भूषणावह आहे. परंतु जी गोष्ट त्या गावच्या गुराख्यांस पहिल्या दिवशी ठाऊक होती, ती प्रमाण ठरण्यास माणसांचे प्राण खर्ची पडावे लागले, याचे शल्य राहतेच.

डोंगराळ भूमीचे उदाहरण तर आपल्या साताऱ्यातच आहे. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांसह जागतिक वारशात समाविष्ट झाले. फुले पाहावयास येणाऱ्यांची झुंबड उडाली, आणि पठाराच्या रक्षणार्थ लोखंडी जाळीचे कुंपण घालण्यात आले. माणसांबरोबर जनावरेही अडली. काही वर्षांनी फुलांचा बहर ओसरू लागल्याची ओरड झाली. कारणे शोधताना जाणत्यांचे लक्ष थांबलेल्या चराईकडे गेले. पठारावरील बरीच फुले बोटभर उंचीच्या रोपट्यांची. गवत अंगावर चढले की ती गुदमरतात. पूर्वी गुरे ते गवत वेळच्या वेळी आखूड करीत, खुरांनी जमीन भुसभुशीत ठेवीत आणि शेणाचे खत देत. अखेर ते कुंपण काढून टाकण्यात आले. ज्यांनी ते घातले ते वाईट हेतूचे नव्हते. परंतु ती फुले शतकानुशतके गुरांच्या सोबतीनेच फुलत आली, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

परदेशांत तर आज या कामास वेतन मिळू लागले आहे. स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात वणवा अडविण्यासाठी रानांतून मोकळे पट्टे राखलेले असतात. त्यांवर झुडूप माजू नये म्हणून तेथील सरकार मेंढपाळांस मोबदला देऊन शेळ्यामेंढ्या चारून घेते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील नगरांभोवतीच्या टेकड्यांवर त्याच हेतूने शेळ्यांचे कळप भाड्याने आणतात. आपल्या आजोबांनी ज्या कामाबद्दल कोंडवाड्याचा दंड भरला, त्याच कामाबद्दल तेथील मेंढपाळाच्या हाती पैसे पडतात. संयुक्त राष्ट्रसंघानेही २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांच्या नावे अर्पण केले.

इतके सांगितल्यावर आत्मपरीक्षणही केले पाहिजे. कारण स्वज्ञातीची केवळ स्तुती हा इतिहास नव्हे. शेळी सर्वच झुडपे खात नाही. घाणेरी जनावरांस विषारी आहे. ती खुरटण्यास कुदळच हवी. वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन जनावरे तिचे बी उलट दूरवर पसरवितात. कळपाची संख्या जागेच्या मानाने वाढली, किंवा कळप एकाच ठिकाणी महिनोन्‌महिने राहिला, तर तोच राखणदार भक्षक बनतो. नव्या फुटव्याच्या आशेने डोंगरास आग लावण्याची जी चाल काही ठिकाणी पडली, तिचे समर्थन कोणी करू नये. कोवळ्या लागवडीत शेळी घालणे हाही अपराधच. आपल्या पूर्वजांचे शास्त्र हे जनावर सोडून देण्याचे शास्त्र नव्हते. किती जनावरे, कोणत्या महिन्यात, किती दिवस, आणि केव्हा निघून जावयाचे, हे जाणण्याचे ते शास्त्र होते. यातील शेवटची गोष्ट विसरली तर पहिल्या तिन्ही व्यर्थ होत.

आणि हीच गोष्ट विसरली जाण्याचा धोका आज सर्वांत मोठा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या व पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क तत्त्वतः मान्य केला आहे. १८३८ साली जी सवलत होती, १८७८ साली जो गुन्हा झाला, तिला कायद्याच्या भाषेत प्रथमच हक्क म्हटले गेले. परंतु हक्क मागावयाचा तर पुरावा लागतो. आपला कळप कोणत्या डोंगरावर, कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेने जात असे, हे सांगणारे वृद्ध गावोगाव एकेक करून मावळत आहेत. त्यांच्याबरोबर गवतांची नावे, पाणवठ्यांची स्थाने, वाड्यांच्या जागा व जनावर कोणत्या पाल्यास केव्हा तोंड लावते याचे ज्ञानही जात आहे. हा दप्तरखाना कोणत्याही कचेरीत नाही; तो केवळ त्यांच्या स्मरणात आहे.

म्हणून मुंबईतील सुशिक्षित तरुणतरुणींस एक नम्र विनंती आहे. यंदा यात्रेस किंवा सुटीत गावी जाल, तेव्हा घरातील आजोबाआजींजवळ वही घेऊन बसा. त्यांच्या कळपाचा वर्षाचा फेरा महिन्यामहिन्याने उतरवून घ्या. डोंगरांची, ओढ्यांची, गवतांची व झुडपांची नावे त्यांच्याच शब्दांत लिहा. कोणते डोंगर तेव्हा उघडे गवताळ होते व आज झाडोऱ्याने भरले, हे त्यांना विचारा. शक्य असेल तर त्यांच्याबरोबर तेथवर चालत जा. अशा वह्या आपल्या ज्ञातिसंस्थेत जमा झाल्या, तर त्या उद्याच्या दाव्यास आधार होतील आणि उद्याच्या संशोधकासही उपयोगी पडतील.

ज्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाचा आपण अभिमान बाळगतो, त्यांनी देशभर घाट व विहिरी बांधून वाटसरूंची सोय केली. आपल्या पूर्वजांनी काही बांधले नाही. त्यांनी डोंगर राखले, आणि राखलेल्या गोष्टीवर शिलालेख नसतो. तो लिहिण्याचे काम आता त्यांच्या शिकलेल्या नातवंडांकडे आले आहे. चर्नी रोडवरून गाडी सुटताना एखाद्याच्या मनात एवढा विचार जरी आला, तरी प्रस्तुत लेखकाचे श्रम सार्थकी लागले असे तो समजेल.